पाला हातात असताना बोलायचं नाही

लिहायची हौस मला नाही. चौथीत दोनदा नापास होऊन मी शाळा सोडली, ती काही म्हातारपणी वह्या भरायला नाही. पण घरात सून मास्तरीण आहे. तिनं वही आणून दिली, पेन दिला, चष्मा पुसून दिला अन् वर हुकूम सोडला, "बाबाजी, जेवताना सांगता ते सगळे किस्से लिहून काढा. अन् 'मले' नका लिहू, 'मला' लिहा." जेवताना माणूस काय काय बोलतो! ते का सारं लिहायचं असते?

बरं, किस्से म्हणजे मी काही शोधायला गेलो नव्हतो. आमच्या एकोडीच्या तळ्यात जसा गाळ साचतो तसे ते साचले. कोणी टाकला विचाराल तर सारे एकमेकांकडे बोट दाखवतात, अन् काढायची पाळी आली की डोमाला बोलवा! डोमा म्हणजे मीच. घ्या, काढतो.

सत्तरच्या पुढची अन् नव्वदच्या अलीकडची गोष्ट. तेव्हा आमच्या गावात आत्माराम वैद्याची ओसरी भरलेली राहायची. वैद्य कसला, तर शिरांचा. ताप आला, पोट दुखलं तर तो सरळ साकोलीच्या दवाखान्याची वाट दाखवायचा. पण कंबर धरली, मान आखडली, उसण भरली, तर आजूबाजूच्या पंधरा गावांत त्याच्यासारखा हात नव्हता. औषध म्हणाल तर सारी झुडपं. निरगुडीचा पाला शेकाला अन् वाफेला, एरंडाचं पान तेल लावून बांधायला, रुईचं पान गुडघ्याला. आखडलेला माणूस येताना काठीसारखा यायचा अन् जाताना ओल्या दोरीसारखा जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव नाही.

पण त्याचे दोन नियम होते. पहिला नियम, झाडाला आदल्या दिवशी नेवता, म्हणजे आमंत्रण, द्यायचा. दिवस बुडायच्या आत जायचं, बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, हात जोडायचे अन् म्हणायचं, "बाई, उद्या सकाळी न्याले येतो, कामावर चाल." पाहुण्यासारखं! दुसरा नियम, सकाळी पाला तोडला की तो वैद्याच्या हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्द निघाला की गुण गेला.

पाला आणायचं काम माझं. गावात माझ्याइतकं भांडकुदळ कोणी नव्हतं, हे मी स्वतःच सांगतो. लोक वैद्याला म्हणाले, "बुवा, डोमाले कायले ठेवलं? हा गप राहीन काय?" वैद्य म्हणाला, "जो तसाही बोलत नाही, त्याचं मौन कोणत्या कामाचं? ज्याची जीभ खाजवते त्यानं बंद ठेवली तं पाल्यात जोर येते."

झालं! गुण आला तर वैद्याचा, नाही आला तर "डोमा रस्त्यात बोलला असन." वीस वर्षं माझी अब्रू अशी दुसऱ्याच्या कंबरेवर टांगलेली होती. अन् वीस वर्षांत पाला हातात असताना मी वैद्याच्या परवानगीशिवाय एक शब्द बोललो नाही. मायची शपथ घेऊन लिहितो.

*

पहिला त्रास घरातूनच.

माझी घरवाली भागरथा. पहिल्या महिन्यात ती तळ्याच्या पाळीवर भेटली की काहीबाही विचारायची, मी गप, ती रागावून घरी. दुसऱ्या महिन्यात बाई हुशार झाली. घरी एक शब्द विचारेना. सारं साचवून ठेवायची, अन् मी डोक्यावर पाला घेऊन निघालो की घागर घेऊन रस्त्यात उभी!

"आयकता काय? मी भावाकडं मोहाडीले जाऊन राहिली, पंधरा दिवस. नाही म्हणाचं असन तं आत्ताच म्हणा."

मी डोळे वटारले.

"काही म्हणत नाही म्हंजे हो." अन् गेली!

पुढच्या वेळेस, "म्हशीची वगार भावाले देऊन टाकू काय? त्याच्या घरी दुभतं नाही. नाही म्हणाचं असन तं म्हणा."

मी जोरात पाय आपटला.

"खुशीनं नाचता तं देऊनच टाकतो!"

वगार गेली. मी वैद्याला म्हटलं, "बुवा, काही तोड काढा, नाहीतं एक दिवस ही मलेच देऊन टाकीन." वैद्य म्हणाला, "तिचं काय चुकलं? तिनं तं विचारलं होतं!"

*

गावच्या धुऱ्यांवरची, म्हणजे शेताच्या बांधांवरची, निरगुडी छाटून संपली की साकोलीच्या पुढं, नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या नाल्यावर जावं लागायचं. येताना बस.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी हात पुढं केला, एकोडीच्या दिशेनं. त्यानं परत विचारलं. मी परत हात केला. त्याचा चेहराच बदलला. "मुका आहे बिचारा! उठा हो, जागा द्या याले."

खिडकीची जागा मिळाली. कोणी अर्धा जांब, म्हणजे पेरू, दिला. एक म्हातारी गालावरून हात फिरवून म्हणते, "काय पाप केलं असन बापा मागच्या जल्मी!" माझ्या तोंडात असं उत्तर आलं होतं म्हणता! जांबासोबत गिळलं.

पुढच्या सोमवारी तीच बस, तोच कंडक्टर. मी जात होतो, हात रिकामे. एकानं नाल ठोकलेला जोडा माझ्या अंगठ्यावर ठेवला. मी त्याला त्याच्या आज्यापासून सुरुवात करून मोजून सारं ऐकवलं.

कंडक्टरनं घंटीच मारली. बस उभी! "मुका बोलला! अन् पाहा बापा, सुरुवातच शिव्यांपासून केली!"

सारी बस माझ्याभोवती. कोणत्या देवाला गेला होता? कोणाचं औषध? मी चिडलो होतो, म्हणून बसलो, "एकोडीच्या आत्माराम वैद्याचं!"

आठ दिवसांत तीन घरचे लोक आपापल्या मुक्या माणसांना घेऊन ओसरीवर हजर. वैद्यानं हात जोडले. "मुक्याले बोलतं करणं मले येत नाही, मायबाप हो. बोलत्याले मुकं करणं येते, तेही घंटाभरच!"

*

रोवण्याचा हंगाम म्हणजे कंबरांचा हंगाम. दिवसभर चिखलात वाकून धान रोवायचं, मग बाई सरळ कशी होणार? एका वर्षी पाटलाच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, दहा बाया दुपारी जेवायच्या सुट्टीत वैद्याकडं आल्या. वाकलेल्याच आल्या. दुरून वाटलं, रस्त्यावर काही सांडलं आहे अन् ह्या वेचून राहिल्या आहेत.

वैद्यानं मोठ्या गुंडात, म्हणजे हंड्यात, पाला उकळला. गुंड खाटेखाली, वर बाई, अंगावर घोंगडी. एकीची वाफ झाली की तिला ओसरीवर चटईवर लोळवायचं अन् दुसरी खाटेवर. शिरा अशा सैल झाल्या की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या लाइनीत झोपल्या. घोरणं असं की कुत्रं उठून गेलं.

पाटील आला तणतणत. "माहा रोवणा तिकडं उघडा पडला, अन् बाया इथं लोळून राहिल्या!"

"हळू बोला पाटील, शिरा ढिल्या होऊन राहिल्या."

"माह्या शिरा तापून राहिल्या त्याचं काय?"

"मंग बसा खाटेवर पाच मिनिटं. बसून रागवा."

पाटील बसला. मग टेकला. मग आडवा झाला. "हे पाय आत्माराम…" म्हणाला, अन् पुढं काय पाहायचं ते आजपर्यंत कळलं नाही.

उठला तेव्हा घरोघरी चुली पेटल्या होत्या. ओसरी रिकामी.

"बाया कुठं गेल्या?"

"घरी. तुम्हीच तं सुट्टी देल्ली."

"मी? कवा?"

"झोपेत."

पाटलानं बराच विचार केला. मग हळूच विचारलं, "अन् उद्याचं काय म्हणलो मी?"

वैद्य म्हणाला, "उद्याचं तुम्ही सांगणारच होते, तेवढ्यात उठले."

*

आता नाथू. नाथूचं शेत माझ्या वाटेवर. गावात कोणावर विश्वास नाही असा माणूस. स्वतःच्या सावलीला विचारेल, मागं काहून येऊन राहिली?

त्याच्या धुऱ्यावर निरगुडीचं मोठं झुडूप होतं. मी संध्याकाळी नेवता देऊन आलो. नाथूनं बुडाशी हळदीचे तांदूळ पाहिले. झालं! "माह्या धुऱ्यावर कोणीतरी करणी केली!" रातोरात नाही, तिथल्या तिथं कुऱ्हाड घेतली अन् झुडूप बुडापासून तोडून फेकलं. सकाळी मी गेलो तर नाथू पहाऱ्यावर. मी सांगितलं, करणी नाही, नेवता होता. तो म्हणाला, "माह्या धुऱ्यावरच्या झाडाले तू कोण बोलावणारा? नातेवाईक आहे काय?"

कुऱ्हाड फारच जोरानं चालवली असेल. तिसऱ्या दिवशी नाथूची मान धरली. डावीकडं वळली ती वळलीच. समोर चालायचं तर माणूस आडवा चालायचा, खेकड्यासारखा.

वैद्यानं पाहिलं अन् म्हणाला, "याले निरगुडी पाहिजे. अन् जिचा अपमान केला तिचीच पाहिजे. जा नाथू, तूच नेवता दे."

"बुवा, तिथं तं खुंट आहे फक्त!"

"मंग खुंटाले दे. तिले यावंसं वाटलं तं पालवीन."

रोज संध्याकाळी नाथू वाकडी मान घेऊन धुऱ्यावर. तांदूळ ठेवायचा, हात जोडायचा. मान डावीकडं, त्यामुळं नमस्कार सरळ शेजारच्या सीतारामच्या बैलाला जायचा. "बाई, चुकलं माहं, ये." बैल मान हलवायचा.

निरगुडीच ती, मरते थोडीच! वीसेक दिवसांत खुंटाला कोवळा पाला फुटला. तोपर्यंत नाथूची मान आपोआप सरळ झाली होती. पण नाथू गावभर सांगत फिरला, "पाला लावाचं कामच नाही पडलं! बाईनं येतो म्हणलं अन् दुखणं पळालं!"

दोन महिने लोक पाल्याला येईनात. तांदूळ घेऊन जंगलात जात अन् नुसतं आमंत्रण देऊन घरी येऊन झोपत. वैद्य मला म्हणाला, "डोमा, आता तू नाही बोलला तरी चालते, अन् बोलला तरी चालते. कोणी विचारूनच नाही राहिलं."

*

पाला हातात असताना मी आयुष्यात एकदाच बोललो, तेही साहेबाच्या हुकमानं अन् वैद्याच्या परवानगीनं.

एक सरकारी डॉक्टर होता, बाहेरगावचा, तरणा. खेड्यापाड्यात जीपनं फिरून फिरून त्याची पाठ गेली. गोळ्या स्वतःच्याच होत्या, खाऊन झाल्या. शेवटी आला ओसरीवर, पण ताठ्यात.

म्हणाला, "निर्गुडीत दुखणं कमी करायचा, आखडलेले स्नायू सैल करायचा गुण आहे, हे मला मान्य आहे. पण आणणाऱ्याच्या तोंडाचा पाल्याशी काय संबंध?"

वैद्य म्हणाला, "सायब, तुमच्या शिशीले बूच असते का नाही? तसं हे डोमाचं तोंड."

"मग प्रयोग करू," डॉक्टर म्हणाला. एक भारा न बोलता आणायचा, तो पाठीच्या डाव्या बाजूला. दुसरा भारा बोलत आणायचा, तो उजव्या बाजूला.

पहिला आणला नेहमीसारखा. दुसऱ्या वेळेस पंचाईत. रस्त्यानं चिटपाखरू नाही, बोलू कोणाशी? आधी झाडाशी बोललो, "काय वं बाई, बरी आहे काय?" मग धोंड्याशी. मग आठवलं, बोलायची मोकळीक आहे तर मेहुण्याला वगारीवरून शिव्या द्याव्या. कोसभर दिल्या. जन्मात असं बरं वाटलं नव्हतं! ओसरीवर आलो तेव्हा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सरळ चालत आला. "बघा वैद्य! दोन्ही बाजू सारख्याच बऱ्या झाल्या. बोलण्याचा काही संबंध नाही."

"सायब," वैद्य म्हणाला, "भिंतीच्या या अंगानं चूल पेटवली तं त्या अंगाची भिंत तापत नाही काय?"

डॉक्टर हसला. जीपमध्ये बसला. जीप निघाली, दहा पावलं जाऊन थांबली. खिडकीतून डोकं काढून मला म्हणतो, "तरीपण पुढच्या वेळी न बोलताच आण रे!"

*

आता शेवटचा. हा मी सांगत नाही कोणाला, सुनेच्या वहीपायी लिहितो.

पाटलाच्या पोरीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. पाटील स्वतः मांडवाचा खांब रोवायला गेला अन् कंबर धरली. विळ्यासारखा वाकडा! ना बसता येई, ना उभं राहता. कन्यादान करायचं ते कसं? वैद्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला, "तीन दिवसांत उभा करतो."

तीन सकाळी मी पाला आणला. तीन दिवस शेक झाला, वाफ झाली, एरंड बांधला. पाटील तसाच.

तिसऱ्या दिवशी मांडवाखाली माणसं जमली. वैद्य उठला. "माह्या हातात खोट नाही. पाल्यात खोट नाही. मंग मंधात कोण राहिला?"

सारे माझ्याकडं पाहायला लागले. पाटील खाटेवरून म्हणतो, "डोमा, माह्या पोरीचं लगन आहे गा. बोलला असशीन तं सांगून टाक, मी रागावत नाही."

"मी नाही बोललो!"

"आता तं बोलून राहिला," कोणी मागून म्हणालं. लोक हसले. भागरथा बायांमध्ये बसली होती. तिनं पदर डोळ्याला लावला, अन् ती बाई अशी रडणारी नव्हती.

वैद्यानं निकाल दिला. "उद्या नाथू संगं जाईन, साक्षीले. एक शब्द निघाला तं डोमानं पुन्हा पाल्याले हात लावाचा नाही." नाथूच काहून? कारण तो कोणावर विश्वास ठेवत नाही!

सकाळी निघालो. मोहफुलाचे दिवस. पाला तोडला, डोक्यावर घेतला, तळ्याच्या पाळीनं परत फिरलो. मौन माझं होतं, नाथूचं नव्हतं. तो बडबड बडबड करत माझ्यापुढं उलटा चालत होता, तोंड माझ्याकडं, नजर माझ्या ओठांवर.

तेवढ्यात त्याच्या मागं, मोहाच्या झाडाखाली, अस्वल!

फुलं खात होतं. पन्नास पावलांवर. नाथू उलटा चालत सरळ त्याच्या अंगावर.

मी थांबलो. डोळे मोठे केले.

"काय झालं? बोलाचं आहे काय? बोल, बोल! मी आहे साक्षीले!"

मी बोट दाखवलं.

"मी मागं पाहू, अन् तू तेवढ्यात बोलून घेशीन? मी नाही पाहत!"

मी अस्वलासारखे हात केले. पंजे दाखवले. झुललो.

"नाचतो काहून लेका? पाटील तिकडं मरून राहिला अन् तुले नाच सुचते?"

अस्वलानं मान वर केली. मी काय करू? ओरडलो तर वीस वर्षं गेली. नाही ओरडलो तर नाथू गेला. खरं सांगतो, तोंड उघडलं होतं मी. पण नाथूच म्हणाला, "पाहा, पाहा, उघडलं! आता बोलते हा!" म्हणून परत मिटलं. एका हातानं भारा धरला, दुसऱ्या हातानं नाथूची बंडी धरली अन् ओढत नेऊन त्याला तळ्यात टाकलं, अन् मीही उडी मारली.

पाण्यात पडल्यावर नाथूनं मागं पाहिलं. मग मात्र त्याची बडबड बंद झाली.

दोघं गळ्याएवढ्या पाण्यात. माझ्या डोक्यावर पाला. अस्वल पाळीवर बसून आमच्याकडं पाहत होतं. चांगला घंटाभर तिघंही बोललो नाही. मग त्याचा त्याला कंटाळा आला अन् ते गेलं.

मांडवात पोचलो ते चिखलानं भरून. मी पाला वैद्याच्या हातात ठेवला. नाथू बोंबलत सुटला, "यानं मले अस्वलाच्या तोंडी देल्लं हो! मागं अस्वल, अन् हा समोर नाचून दाखवते! जीव गेला असता, पण हा एक शब्द नाही बोलला! एक शब्द!" अन् त्यानं मी कसा नाचलो ते करून दाखवलं.

पाटील खाटेवर आडवा होता. त्याला हसू आलं. असं हसू आलं की पोट धरलं, पाय झाडले, खाट करकरली, अन् कंबरेत कट्ट वाजलं! पाटील उभा! सरळ!

वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला सुरुवातच केली. मला वाटलं, चला, सुटलो.

वैद्यानं हात वर करून वाजंत्री थांबवली. मोठ्यानं म्हणाला, "पाहा लोकहो! आज डोमा बोलला नाही, तं गुण आला. म्हंजे तीन दिवस बोललाच होता!"

"हो ना गा!" सारा मांडव म्हणाला. नाथूसुद्धा!

पाला वैद्याच्या हातात पडला होता. मला बोलायला मोकळीक होती. अन् वीस वर्षांत पहिल्यांदा मला काही बोलायलाच सुचलं नाही.

पुढं अस्वलाच्या वाटेनं जाताना नाथूनं माफी मागितली. पाटलानं लग्नात पंगतीत वाढताना मागितली. राहिला एक. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, अजून त्याच ओसरीवर बसतो, मला येताना पाहिलं की डोळे मिटून घेतो. आत्माराम वैद्य.